ऑक्सिजन ९९, आणि मी जमिनीवर : श्वासाचा व्यवहार नक्की चालतो कसा?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे बसमध्ये चढल्यावर इअरफोन घरी राहिले म्हणून हळहळतायत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ना" मी बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे : ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. एका ओळीचं उत्तर, एक मार्क. मलाही वाटायचं की यात अजून कळायचं काय राहिलंय. मग गेल्या जानेवारीत एका रविवारी मी बाथरूमच्या दारात आडवी पडले आणि मला त्या एका ओळीच्या आत शिरावं लागलं.

झालं काय होतं

पुण्यात आम्ही तिघी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाथरूम छोटं, आणि आतच भिंतीवर गॅस गीझर. सिलिंडर बाहेर बाल्कनीत, त्यामुळे आम्ही निर्धास्त. वर एक जाळीचा झरोका होता. थंडीत तिथून गार वारा यायचा म्हणून आम्हीच त्यावर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. हे आधीच सांगते, कारण नंतर सगळा दोष घरमालकांवर टाकायचा मोह मलाही झाला होता.

डिसेंबरपासून मला आंघोळीनंतर डोकं जड वाटायचं. मळमळायचं. पण रोज नाही, फक्त रविवारी. मी म्हटलं, रविवारी उशिरा उठते, नाश्ता उशिरा होतो, ॲसिडिटी असणार. रविवारी आणखी एक गोष्ट मी करते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही : मी केस धुते. रोजची आंघोळ पाच मिनिटांची, रविवारची वीस-पंचवीस मिनिटांची.

त्या रविवारी पाय असे गळून गेले की कडी काढायला हात उचलताना जोर लावावा लागला. कडी निघाली, दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच कोसळले. रूममेटने ओढून हॉलमध्ये आणलं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडून होता, तो तिने माझ्या बोटाला लावला. आकडा आला ९९.

"ऑक्सिजन एकदम मस्त आहे गं, बीपी लो झालं असेल. लिंबू-सरबत करते." आम्ही खरंच लिंबू-सरबत करत होतो. तेवढ्यात तिने सहज तिच्या मावशीला फोन लावला. मावशी नर्स आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गीझर कुठला आहे गं तुमच्याकडे?" आणि उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "त्या ९९ वर अजिबात जाऊ नका. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या तिला."

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. माझ्या हिमोग्लोबिनपैकी २४ टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साइड बसला होता.

मग प्रश्न असा, की बोटावरचं यंत्र ९९ म्हणत होतं आणि शरीर जमिनीवर होतं, तर खोटं कोण बोलत होतं? याचं उत्तर हवं असेल तर श्वास कसा चालतो ते मुळापासून बघावं लागेल. चला.

हवा आत गेली, पण शरीरात गेली का?

आपण श्वास घेतो म्हणजे पहिल्यांदा काय करतो? छातीच्या आणि पोटाच्या मध्ये एक स्नायूंचा पडदा आहे, श्वासपटल. तो खाली सरकतो, बरगड्या वर-बाहेर जातात, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. शांत बसलेलं असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, तशीच परत जाते. उरलेली साडेतीनशे मिलिलिटर खरी कामाची.

ही हवा जाते वायुकोशांमध्ये. वायुकोश म्हणजे श्वासनलिकेच्या शेवटच्या फांद्यांना लागलेले बारीक बारीक फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे काही दहा कोटींच्या घरात असतात, तीस कोटींच्या पुढेच. सगळे उलगडून सपाट पसरले तर जागा लागेल जवळजवळ ७० चौरस मीटर. आमचा अख्खा फ्लॅट तेवढा नाही! बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट साधारण ८२ चौरस मीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या.

पण गंमत अशी की इथपर्यंत आलेली हवा अजून शरीराच्या "बाहेर"च आहे. ती एका पिशवीत आहे, रक्तात नाही. वायुकोशाच्या भिंतीला चिकटून केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे त्याची जाडी असते साधारण अर्धा मायक्रोमीटर. आपला केस सरासरी ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर केसाच्या जाडीत असे शंभराहून जास्त पडदे बसतील. म्हणजे पडदा आहे, पण नसल्यासारखाच.

ढकलतं कोण?

आता हा ऑक्सिजन पडदा ओलांडून रक्तात नेतं कोण? तिथे पंप आहे का?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. डेन्मार्कमधले क्रिश्चन बोर, म्हणजे अणूच्या रचनेवाल्या नील्स बोर यांचे वडील, यांचं मत होतं की घामाच्या ग्रंथी जसा घाम बाहेर टाकतात तसं फुप्फुसं स्वतः जोर लावून ऑक्सिजन रक्तात टाकतात. त्यांचेच विद्यार्थी ऑगस्ट क्रोग आणि ऑगस्ट यांच्या पत्नी मारी क्रोग, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, यांनी बारकाईने मोजमापं केली आणि १९१० साली दाखवून दिलं की असा काही पंप वगैरे नाही. जे चालतं ते फक्त विसरण. गुरूचं मत खोडून काढायला त्यांना किती जीवावर आलं असेल ते तुम्हीच कल्पना करा.

विसरण म्हणजे काय? स्वयंपाकघरात लसणाची फोडणी बसली की हॉलमध्ये कळतं. तो वास कुणी उचलून आणत नाही. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे तो आपोआप पसरतो. वायूंच्या बाबतीत हे "जास्त-कमी" मोजतात आंशिक दाबाने, म्हणजे एकूण हवेच्या दाबात त्या एका वायूचा वाटा किती.

समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याचा वाटा साधारण १६०. आत जाता जाता हवा ओलसर होते, आधीच्या हवेत मिसळते, आणि वायुकोशात ऑक्सिजनचा दाब उरतो सुमारे १००. शरीरभर फिरून, ऑक्सिजन वाटून परत आलेल्या रक्तात तो असतो फक्त ४० च्या आसपास. एकीकडे १००, दुसरीकडे ४०. उतार मिळाला की पाणी धावतं, तसा ऑक्सिजन रक्तात उतरतो.

म्हणूनच नुसते टक्के बघून चालत नाही. लेहला, ३५०० मीटर उंचीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण तिथे हवेचा एकूण दाबच समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणून ऑक्सिजनचा उतार कमी होतो आणि दोन जिने चढलं तरी धाप लागते.

हे सगळं घडायला वेळ किती? एक तांबडी पेशी वायुकोशाजवळच्या केशवाहिनीत राहते जेमतेम पाऊण सेकंद. आणि ऑक्सिजन भरून घ्यायचं काम पहिल्या पाव सेकंदातच उरकतं. उरलेला अर्धा सेकंद हा राखीव. तुम्ही धावत सुटता, रक्त जोरात पळतं, पेशीला वेळ कमी मिळतो, तेव्हा हा राखीव वेळ उपयोगी पडतो.

चार सीटांची गाडी

ऑक्सिजन रक्तात आला. आता तो नुसता विरघळून जाईल म्हटलं तर पंचाईत आहे, कारण पाण्यात तो फार कमी विरघळतो. १०० मिलिलिटर रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मिळेल जेमतेम ०.३ मिलिलिटर. पण प्रत्यक्षात तेवढ्या रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. बाकीचा कुठे बसतो? हिमोग्लोबिनवर.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात, आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. म्हणजे चार सीटांची गाडी समजा. एका तांबड्या पेशीत अशा सुमारे २७ कोटी गाड्या.

या गाडीची खरी हुशारी नीट लक्षात घ्या. प्रवासी उचलणं सोपं, पण योग्य स्टॉपवर त्याला उतरवणंही तितकंच महत्त्वाचं. जो स्नायू काम करतोय तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, थोडं आम्ल तयार झालेलं असतं, उष्णता वाढलेली असते. नेमक्या याच गोष्टींमुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि ऑक्सिजन उतरतो. जिथे गरज जास्त, तिथे उतरणारे जास्त. हा परिणाम १९०४ साली शोधला तोही याच क्रिश्चन बोर यांनी, म्हणून त्याला बोर परिणाम म्हणतात. पंपाच्या बाबतीत माणूस चुकला, पण इथे अचूक होता.

पेशीत पोचलेला ऑक्सिजन जातो तंतुकणिकांमध्ये. नववी-दहावीत आपण त्यांना "पेशीचं ऊर्जाकेंद्र" म्हणून पाठ केलंय. अन्नातून ऊर्जा काढताना शेवटी जे इलेक्ट्रॉन उरतात ते ऑक्सिजन घेतो आणि पाणी तयार होतं. ऑक्सिजन नसेल तर ती रांग तिथेच तुंबते. मेंदूला हे तुंबणं काही मिनिटंसुद्धा परवडत नाही.

आणि साठा? नुसतं बसलेलं असताना आपण मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. पाच लिटर रक्तात मिळून असतो जवळपास एक लिटर. हिशोब करा. आपल्याकडे पेट्रोलची टाकी नाहीच मुळी, पाइपलाइन आहे. ती सतत चालू राहावी लागते.

परतीचा माल

पेशीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड परत कसा येतो? तो थोडा विरघळून येतो, थोडा हिमोग्लोबिनवरच (पण ऑक्सिजनच्या सीटवर नाही, वेगळ्या जागी) बसून येतो. पण सुमारे ७० टक्के तर वेष बदलून येतो! तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम त्याचा पाण्याशी संयोग घडवून बायकार्बोनेट करतं. फुप्फुसात पोचल्यावर तीच क्रिया उलटी होते आणि वायू परत सुटा होतो.

इथे उतार किती, तर रक्तात ४५ आणि वायुकोशात ४०. फक्त पाचाचा फरक. तरी भागतं, कारण तो पडदा ओलांडायला ऑक्सिजनपेक्षा साधारण वीसपट सहज जातो.

आणि एक गैरसमज जाता जाता. आपण सोडलेल्या हवेत ऑक्सिजन संपलेला नसतो. २१ पैकी साधारण १६ टक्के तसाच बाहेर पडतो. म्हणून तर तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास दुसऱ्याला उपयोगी पडतो.

धोक्याची घंटा कशाची वाजते?

आता बसल्या जागी एक प्रयोग करा. गाडी चालवत असाल तर नको. श्वास रोखा. (रेकॉर्डिंगमध्ये मी इथे वीस सेकंद गप्प आहे.)

काही वेळाने आतून "घे, श्वास घे" अशी तगमग सुरू होते. ती का? ऑक्सिजन संपत आला म्हणून असं आपल्याला वाटतं. नाही. तेवढ्यात ऑक्सिजन फारसा कमी होतच नाही. ती तगमग असते कार्बन डायऑक्साइड साचतोय म्हणून. मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि त्यामुळे होणाऱ्या आम्लतेवर नजर ठेवून असतात. तो जरा वाढला की घंटा.

म्हणूनच विहिरीत किंवा तलावात "कोण जास्त वेळ बुडून राहतो" अशी पैज लावताना आधी भराभरा दहा-वीस श्वास घेणं जीवघेणं ठरू शकतं. त्याने ऑक्सिजन जवळपास तेवढाच राहतो, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. मग पाण्याखाली घंटा वाजतच नाही आणि पोरगं तगमग न होता सरळ बेशुद्ध होतं. असं करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका.

ऑक्सिजनवर नजर ठेवणारा पहारेकरीही आहे. मानेत, मेंदूकडे जाणारी रोहिणी जिथे दुभंगते तिथे. पण तो मोजतो रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब. हिमोग्लोबिनच्या गाड्यांत किती प्रवासी बसलेत हे त्याला कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या एका वाक्यात अडकलेली आहे.

घुसखोर

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. भरपूर हवा मिळाली की ज्योत निळी जळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. गॅस जळताना तोही जळून जातो. त्यामुळे "वास आला असता तर कळलं असतं" हे इथे लागू नाही.

हा वायू आपल्या शरीरात तीन गोष्टी करतो.

एक, तो ऑक्सिजनच्याच सीटवर बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट घट्ट असते. हवेत तो अगदी किंचित असला तरी हळूहळू सीटा बळकावत जातो. रक्तातला ऑक्सिजन हटवून तो जागा घेतो हे फ्रान्सचे क्लोद बेर्नार यांनी १८५७ सालीच सांगून ठेवलं होतं.

दोन, आणि हे मला सगळ्यात भयंकर वाटलं : चारपैकी एका सीटवर तो बसला की उरलेल्या सीटांवरचे ऑक्सिजनचे प्रवासीसुद्धा उतरायला तयार होत नाहीत. गाडीची पकड घट्ट होते. म्हणजे बोर यांनी सांगितलेली उतरवण्याची हुशारीच बिघडते. त्यामुळे ॲनिमियाने ज्याचं हिमोग्लोबिन हळूहळू निम्म्यावर आलंय असा माणूस थकलेला का होईना, चालत-फिरत असतो. पण ज्याचं निम्मं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलंय तो मरणाच्या दारात असतो. गाड्या दोघांच्याही निम्म्याच, पण दुसऱ्याच्या उरलेल्या गाड्या मालही उतरवत नाहीत.

तीन, घंटा वाजत नाही. कार्बन डायऑक्साइड तर नेहमीसारखा बाहेर पडतोच आहे, त्यामुळे मेंदूतलं केंद्र गप्प. फुप्फुसात हवा येतेच आहे, रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब ठीकच आहे, त्यामुळे मानेतला पहारेकरीही गप्प. गुदमरल्याची भावनाच येत नाही. फक्त डोकं जड, थोडी चक्कर, थोडी मळमळ, पाय गळणं, विचार मंद होणं. धोका आहे हे ओळखायचं ज्या मेंदूने, तोच आधी मंदावतो.

मला त्या दिवशी एकदाही दम लागला नव्हता. लागला असता तर मी दहा मिनिटं आधीच बाहेर आले असते.

खाणीत काम करणाऱ्यांना हे दुःख जुनं आहे. ब्रिटनमधले जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम लिहून काढले आणि खाणीत कॅनरी पक्षी न्यायची शिफारस केली. पक्षी लहान, त्याचा श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी कोलमडतो. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत थेट १९८६ पर्यंत चालू होती. ज्या घंटा शरीरात नाहीत, त्या बाहेरून न्याव्या लागल्या.

आणि हाच वायू डॉक्टर उपयोगालाही आणतात. मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये फुप्फुसातून वायू किती सहज पार होतो हे मोजायला अगदी अल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड वापरला. तो हिमोग्लोबिनला लगेच चिकटतो, म्हणून मोजायला सोपा. आजही फुप्फुसांच्या तपासणीत ही पद्धत सुधारित रूपात चालते.

मग ऑक्सिमीटर खोटा का बोलला?

१९७४ साली जपानमधले ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वावर हे यंत्र बनवलं ते सुंदर आहे. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडायचा, एक लाल आणि एक अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी काढायची.

पण कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात जवळपास ऑक्सिजन बसलेल्यासारखंच दिसतं. साध्या यंत्राला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की सीट भरलेली आहे. सीटवर कोण बसलंय हे तो विचारत नाही. म्हणून ९९. यंत्र खोटं बोललं नाही, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारला. खरं उत्तर हवं तर रक्ताची वेगळी तपासणी लागते, कार्बोक्सीहिमोग्लोबिनची.

बाथरूमचा हिशोब

घरी आल्यावर मी वहीत आकडेमोड केली. चार बाय सहा फुटांचं बाथरूम, आठ फूट उंच, म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पंधरा मिनिटांत अंदाजे दोनशे ते अडीचशे ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस पूर्ण जळायला लागते सुमारे तीन घनमीटर हवा. म्हणजे बाथरूमच्या निम्म्याहून थोडी जास्तच! दाराच्या फटीतून थोडी हवा येत असते, पण ज्योतीला ऑक्सिजन पूर्ण संपायची वाट बघावी लागत नाही. तो थोडा घटला की ज्वलन बिघडायला लागतं. शिवाय जळून निघालेली हवा जायला वाट नाही, कारण झरोक्यावर आमचा पुठ्ठा.

पाच मिनिटांच्या आंघोळीत काही झालं नाही आणि पंचवीस मिनिटांच्या आंघोळीत झालं, ते यामुळे. आपल्याकडच्या डॉक्टरांनी याला "गॅस गीझर सिंड्रोम" असं नावच दिलंय, इतके पेशंट येतात. थंडीत जास्त, कारण थंडीत आंघोळ लांबते आणि खिडक्या बंद होतात.

आता करायचं काय?

गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. बाहेर, मोकळ्या हवेत, आणि गरम पाणी पाइपने आत. नुसता सिलिंडर बाहेर असून उपयोग नाही, कारण वायू तयार होतो तो ज्योतीपाशी.

लगेच हलवता येत नसेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, आणि मग दार लावून आंघोळ करा. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हवा बाहेर जायला जशी वाट लागते तशी आत यायलाही लागते. झरोका बुजवू नका. ज्योत पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, गणित तेच आहे. सिगारेट आणि हुक्क्याच्या धुरातही हा वायू असतोच.

कुणी बाथरूममध्ये उत्तर देत नसेल तर वाट बघू नका. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "घरात गॅस गीझर आहे." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. गरोदर बाई असेल तर तिला बरं वाटत असलं तरी दाखवाच, पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

उपचार काय, तर ऑक्सिजनच. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. तोच उताराचा नियम : ऑक्सिजनचा दाब इतका वाढवायचा की घुसखोराला सीट सोडावीच लागेल. मी संध्याकाळपर्यंत मास्क लावून पडून होते आणि छतावरचा पंखा बघत मनात गाड्या मोजत होते.

शेवटचं

घरमालक काका आधी म्हणाले, "दहा वर्षं झाली, आजपर्यंत काही झालं नाही कुणाला." मी त्यांना रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ तो कागद बघत बसले. मग म्हणाले, आधीच्या भाडेकरूची मुलगी शाळेत जाताना रोज डोकं दुखतं म्हणायची, आम्हाला वाटायचं नाटकं करते. पुढच्या आठवड्यात गीझर बाल्कनीत गेला. पाइपचे पैसे निम्मे त्यांनी दिले, निम्मे आम्ही. पुठ्ठा मी स्वतः काढला.

आपला श्वास दिवसाला वीसेक हजार वेळा आत-बाहेर होतो आणि आपल्याला त्याची आठवणही राहत नाही, इतकी ती व्यवस्था चोख आहे. पण तिच्या घंटा ज्या धोक्यांसाठी बनल्यात त्यांनाच त्या वाजतात. बंद बाथरूममधला गीझर त्या यादीत नाही. तिथे घंटा आपल्यालाच व्हावं लागतं.

हा मजकूर हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. आणि पाठवण्याआधी उठून स्वतःच्या बाथरूमचा झरोका उघडा आहे का ते बघून या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.